आकाशाची बोली

निपाणीच्या वाटेवर तंबाखूच्या वखारीवरून ज्याला एकदा तरी जावे लागले आहे, त्याला ही गोष्ट निराळी सांगावयास नको. वखार दृष्टीस पडण्यापूर्वीच तिची वर्दी नाकाला मिळते. डोळे मिटून चालणारा मनुष्यही ‘आली वखार’ असे बिनचूक सांगू शकेल. गोठ्याचा, गुऱ्हाळाचा, पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा दूत असाच न दिसता येतो आणि आपली ओळख आपणच करून देतो. परंतु जेथे वारा नाही, जेथे कोणाचे पाऊल पडलेले नाही आणि जेथला एक कणही आपल्या नाकापर्यंत येण्याची आशा नाही, तेथे काय आहे हे ओळखावे कसे? हा प्रश्न आमचा नव्हे. तो आमच्या एका विद्यार्थ्याचा आहे. आणि त्याचे उत्तर आम्ही त्याला वेळेवर दिले नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि शाळेत मराठी शिकविणारे. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. शिवाय आम्ही मूळचे गोव्याचे. आमची मातृभाषा कोकणी. मराठीवर आम्ही कितीही प्रेम केले तरी बोलताना आमचा सानुनासिक हेल काही लपत नाही. बोरगावात नव्याने आलो तेव्हा बाजारातील भाजीवालीने आमच्या तोंडून दोनच शब्द ऐकले आणि विचारले, “सर, तुमी गोव्याकडचं न्हवं?” आम्ही मनातून थोडे खट्टू झालो. आपली भाषा शुद्ध असावी, ती ऐकून आपले गाव कोणाला ओळखता येऊ नये, अशी आमची तेव्हा फार इच्छा असे. पुढे जे घडले त्याचे मूळ बहुधा या इच्छेतच होते.

गोष्ट इयत्ता नववीच्या वर्गातील. आकाशदर्शनावरील एक पाठ चालू होता. ‘पोकळी’ या शब्दाचा अर्थ सांगताना आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “ताऱ्याताऱ्यांच्या मधली जागा म्हणजे निव्वळ पोकळी. तेथे काही म्हणजे काही नाही.” तोच मागच्या बाकावरून एक हात वर आला. हा मुलगा घरी कन्नड बोलणारा. मराठी शिकला ती शेजारपाजारच्या मुलांत खेळता खेळता. तो म्हणाला, “सर, थितं कुणी गेलंच न्हाई, तर थितं काय न्हाई ते कसं कळलं?”

प्रश्न लाखमोलाचा होता. पण आमच्या कानांनी प्रश्न घेतलाच नाही. त्यांनी घेतला तो फक्त उच्चार. आम्ही म्हणालो, “आधी ‘थितं’ नव्हे, ‘तेथे’ म्हण. काय म्हणशील?” वर्ग खो खो हसला. मुलाने हळू आवाजात ‘तेथे’ म्हटले आणि तो खाली बसला. तास संपला.

त्यानंतर कित्येक आठवडे तो हात वर आला नाही. तो वह्या पूर्ण करी, विचारले तर एका शब्दात उत्तर देई. परंतु आपण होऊन काही विचारीना. शिक्षकाच्या आयुष्यात मुलांचा गोंगाट सोसवतो. पण ज्याला काही विचारावयाचे आहे अशा मुलाचे गप्प बसणे सोसवत नाही. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत आमच्या विज्ञानशिक्षक सहकाऱ्यांजवळ आम्ही तो प्रश्न जसाच्या तसा काढला. ते हसून म्हणाले, “गुरुजी, त्या पोराचा प्रश्न खरा आणि तुमचे उत्तर खोटे. तेथे पोकळी नाहीच.” त्यांनी दोन पुस्तके हाती दिली. त्या दिवसापासून आमची रात्रीची शाळा सुरू झाली.

उन्हाळ्यात वीज गेली की आपण अंगणात किंवा गच्चीवर येतो. अशा अंधाऱ्या रात्री उशिरा दक्षिणेकडे पाहिले असता वृश्चिक आणि धनु राशींच्या भागात आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट दिसतो. त्या दुधाळ पट्ट्यात मधूनच काळे डाग असतात. तेथे तारे नाहीत असे पाहणाऱ्याला वाटते. पण ती आकाशाला पडलेली भोके नव्हेत. ते वायूचे आणि धुळीचे प्रचंड मेघ आहेत. पाठीमागच्या ताऱ्यांचा प्रकाश त्यांनी अडविलेला असतो. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरात रेणूंची संख्या सुमारे २५ वर १८ शून्ये इतकी असते. ताऱ्यांमधील सर्वसाधारण अवकाशात तेवढ्याच जागेत सरासरी एखादाच अणू सापडावयाचा. या काळ्या मेघांत मात्र ती संख्या हजारांपासून लाखांपर्यंत जाते. आपल्या मानाने हीसुद्धा पोकळीच. परंतु मेघांचा पसारा कित्येक प्रकाशवर्षांचा असल्याने थेंबे थेंबे तळे साचते, आणि एकेका मेघात अनेक सूर्य घडविता येतील इतके द्रव्य जमते.

मेघांच्या पोटात थंडी अशी की तपमान शून्याखाली सुमारे २६३ अंश सेल्सिअस. बाहेर ताऱ्यांचे जंबुपार किरण रेणूंना फोडून टाकतात. आत धुळीचा पडदा त्यांचे रक्षण करतो. धुळीचा बारीक कण हा जणू वाटेवरचा पार. एकेकटे भटकणारे हायड्रोजनचे अणू त्यावर येऊन टेकतात, एकमेकांना भेटतात आणि जोडीने बाहेर पडतात. दोन अणूंची अशी जोडी म्हणजे हायड्रोजनचा रेणू. विश्वात याच रेणूची वस्ती सर्वांत मोठी आहे.

आता मूळ प्रश्न. तेथे कोणी गेले नाही, मग हे कळले कसे?

याचे उत्तर आम्हाला सापडले ते संगीताच्या वाटेने. सारंगीवर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाता येते. मधल्या कोणत्याही जागी थांबता येते. पेटीचे तसे नाही. एक पट्टी सोडली की बोट दुसरीवरच पडावयास हवे. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर पेटीला ठाऊकच नाही. रेणूचे फिरणे हे पेटीसारखे आहे. मेघातील रेणू भोवऱ्यासारखा गरगरत असतो, पण वाटेल त्या वेगाने नव्हे. त्याच्या वेगाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. दुसऱ्या रेणूचा धक्का लागला की तो एक पायरी चढतो. काही काळाने तो आपोआप उतरतो, आणि उतरताना त्या दोन पायऱ्यांमधील अंतराइतकी ऊर्जा एका लहरीच्या रूपाने बाहेर टाकतो. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून लहरीची लांबीही ठरलेली.

कार्बन मोनॉक्साइड हा बंद खोलीत पेटती शेगडी ठेवली असता माणसाच्या जिवावर उठणारा वायू. त्याचा सर्वांत खालचा सूर २.६ मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरीचा, त्यावरचा १.३ मिलिमीटरचा, त्याहून वरचा ०.८७ मिलिमीटरचा. हा आरोह दुसऱ्या कोणत्याही रेणूचा नाही. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतील कार्बन मोनॉक्साइड असो की हजारो प्रकाशवर्षांवरच्या मेघातील असो, सूर तोच. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास या तिघा शास्त्रज्ञांनी अमेरिकेत हा २.६ मिलिमीटरचा सूर आकाशातून प्रथम ऐकला.

प्रत्येक सूर फिरण्यातूनच उठतो असे मात्र नव्हे. अमोनियाचा रेणू पहा. हायड्रोजनचे तीन अणू खाली आणि नायट्रोजनचा एक वर, अशी त्याची छत्री असते. आषाढाच्या वाऱ्यात आपली छत्री उलटी होते, तशी ही छत्री पुनःपुन्हा उलटीसुलटी होत राहते, आणि त्यातून सव्वा सेंटिमीटरची लहर उठते. तो सूर १९६८ साली ऐकू आला. पुढच्याच वर्षी १.३५ सेंटिमीटरवर पाण्याचा सूर सापडला, आणि त्याच १९६९ साली फॉर्माल्डिहाइडचा. जीवशास्त्राच्या कपाटातील बेडूक ज्या द्रवात बुडवून ठेवलेला असतो त्यातले हे द्रव्य. १९७५ साली धनु राशीच्या दिशेने, आकाशगंगेच्या मध्याजवळच्या एका विशाल मेघात मद्यार्कसुद्धा सापडला. आमच्या ऊसकरी वाचकांस हे ऐकून मौज वाटेल; मळी लागत नाही आणि परवानाही लागत नाही. आजपर्यंत अशा रीतीने ओळखलेल्या रेणूंची संख्या तीनशेहून अधिक झाली आहे.

वाचता वाचता आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. हा सारा शोध म्हणजे हेल ओळखण्याची विद्या आहे! भाजीवालीने दोन शब्दांवरून आमचे गाव सांगितले, तेच काम हे शास्त्रज्ञ करतात. फरक इतकाच की ते फार सावध असतात. एका सुरावरून ते कोणाचेही नाव घेत नाहीत, कारण एखादा सूर योगायोगाने दुसऱ्याच्या सुराशी जुळू शकतो. १९६३ साली रेडिओलहरींच्या द्वारे जो पहिला रेणू सापडला त्याची हकीकत या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तो होता हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू यांची जोडी. शर्मिष्ठा नक्षत्रात एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत आणि त्यांतून रेडिओलहरींचा मोठा झोत येतो. वाटेतील मेघाने त्या झोतातून नेमके आपले सूर गिळलेले होते. १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्‌झ या दोन ठिकाणी, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर लांबीवर, झोत उणा पडलेला दिसला. वाइनरेब, बॅरेट, मीक्स आणि हेन्री या चौघा संशोधकांना ही जोडी मिळाली. दोन साक्षीदारांची साक्ष तंतोतंत जुळली, तेव्हा ओळख पटली.

परंतु आमच्या मनावर सर्वांत खोल परिणाम केला तो एका अनोळखी सुराने. १९७० साली बूल आणि स्नायडर या दोघांना ३.४ मिलिमीटरच्या आसपास एक ठसठशीत सूर ऐकू आला. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात रेणूच्या सुरांशी तो जुळेना. मग त्यांनी काय करावे? ‘हा सूर चुकीचा आहे’ असे म्हणून त्यांनी तो खोडला नाही. ओळखीच्या एखाद्या सुराशी ओढूनताणून त्याची सांगडही घातली नाही. त्यांनी तो जसा आला तसा नोंदविला आणि त्याला तात्पुरते नाव दिले ‘एक्सोजेन’, म्हणजे अमुकतमुक. क्लेम्परर या रसायनशास्त्रज्ञाने त्याच वर्षी तर्क केला की, हा हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या एकेका अणूचा, विद्युद्भार असलेला रेणू असावा. पण तर्क तो तर्कच. असला रेणू पृथ्वीवर क्षणभरही टिकविणे कठीण. शेवटी १९७५ साली प्रयोगशाळेत तो निर्माण करून त्याचा सूर मोजण्यात आला, आणि तो आकाशातील सुराशी जुळला. पाच वर्षे एक पाहुणा नावावाचून दाराशी उभा होता. कोणी त्याला घालवून दिले नाही. आणि आम्ही? मागच्या बाकावरून आलेला एक सूर आमच्या व्याकरणात बसला नाही, एवढ्यावरून आम्ही तो क्षणार्धात खोडून टाकला होता!

आणखी एक गोष्ट आम्हाला टोचून गेली. मेघांत ज्याची वस्ती सर्वांत मोठी, तो हायड्रोजनचा रेणू या थंड काळोखात जवळजवळ मुका असतो. त्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या, त्यामुळे तो फिरला तरी त्यातून रेडिओलहर उठत नाही. त्याला प्रत्यक्ष पाहण्यासाठी १९७० साली जॉर्ज कॅरूथर्स यांना वातावरणाच्या वर अग्निबाण पाठवून ताऱ्याच्या जंबुपार प्रकाशाची परीक्षा करावी लागली. एरवी खगोलशास्त्रज्ञ काय करतात? हायड्रोजनच्या गर्दीत मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड बोलतो, त्याच्या बोलण्यावरून ते मुक्या हायड्रोजनचा अंदाज बांधतात. सर्वांत गप्प असणारा तोच सर्वांत थोडा, असे समजणे केवढी चूक आहे! वर्गात जो बोलत नाही त्याच्याजवळ काही नाही, असे समजणारे आमच्यासारखे शिक्षक काही कमी नाहीत.

एवढे वाचून झाल्यावर, हे सारे कोठे तरी डोळ्यांनी पाहावे, आणि त्या मुलाला दाखवावे, असे आम्हाला वाटू लागले. सहकाऱ्यांनी सांगितले की त्यासाठी परदेशी जावयास नको. पुण्याच्या उत्तरेस नारायणगावाजवळ खोडद हे गाव आहे तेथे जावे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथील विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण पाहण्यासाठी शाळकरी मुलांना मोकळीक असते. पालकांची संमती घेतली, वर्गणी जमविली आणि निवडक विद्यार्थ्यांसह रात्रीच्या गाडीने निघालो. तो मुलगा ‘येतो’ही म्हणाला नाही आणि ‘येत नाही’ही म्हणाला नाही; पण नावांच्या यादीत त्याचे नाव आम्ही आपल्या हाताने प्रथम लिहिले होते.

सकाळच्या कोवळ्या उन्हात खोडदच्या माळावरच्या त्या तबकड्या दिसल्या आणि गाडीतील गलका एकदम थांबला. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. अशा ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आणि १६ तीन दिशांना दूरवर, कोसाकोसांवर पसरलेल्या. सर्वांनी मिळून ऐकलेले एकत्र केले की सुमारे २५ किलोमीटर विस्ताराच्या एकाच कानाने ऐकल्यासारखे होते. मुलांना सर्वांत नवल वाटले ते तबकड्यांचे. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत. बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. समुद्रकाठी वाढलेल्या आम्हाला ती युक्ती चटकन उमगली. मासेमारीच्या जाळ्यातून पाणी निघून जाते आणि मासळी राहते. येथे वारा निघून जातो आणि लहर राहते. जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान, म्हणून लहरीला ती जाळी भिंतीसारखीच भासते. त्यामुळे तबकडी हलकी झाली आणि खर्चही आवाक्यात आला.

या दुर्बिणीमागे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची अनेक वर्षांची तपश्चर्या आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६५ साली मुंबईजवळच्या कल्याणला, ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ लहानशा तबकड्या मांडून सूर्याचा अभ्यास सुरू केला. १९७० साली उटकमंडची दुर्बीण उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात खोडदची. जागा खोडदचीच का? भोवती डोंगरांची ओळ आहे आणि मोठ्या शहरांच्या रेडिओगोंगाटापासून ती दूर आहे. तेथे पोहोचताच आम्हाला मोबाइल बंद करण्यास सांगण्यात आले. दूरच्याचे ऐकावयाचे असेल तर आधी आपण गप्प बसावे लागते, हा पहिला धडा आम्ही दारातच शिकलो.

खोडदच्या दुर्बिणीने रेणूंविषयी काय ऐकले, हेही आम्ही शोधून काढले होते. २००२ साली निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी या दुर्बिणीतून दोन अतिदूरच्या दीर्घिकांतील हायड्रॉक्सिलचा सूर टिपल्याचे प्रसिद्ध केले. यातील मौज अशी की, आपल्या आकाशगंगेतील हायड्रॉक्सिल खोडदला ऐकू येत नाही. त्याचा १८ सेंटिमीटरचा सूर या दुर्बिणीच्या पट्टीबाहेरचा आहे. दूरचा मात्र येतो! कारण विश्व प्रसरण पावत आहे, आणि प्रवासात लहरही त्याबरोबर ताणली जाते. त्यांपैकी एका दीर्घिकेतून सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वी निघालेली १८ सेंटिमीटरची लहर येथे पोहोचेपर्यंत २२ सेंटिमीटरच्या वर गेली होती. दुसरीतून सुमारे सहा अब्ज वर्षांपूर्वी निघालेली ३० सेंटिमीटरपर्यंत. ती निघाली तेव्हा आपली पृथ्वी जन्मालाही आली नव्हती.

एवढी ताणलेली लहर ओळखावी कशी? येथेच खरी खुबी आहे. सर्व सूर सारख्याच प्रमाणात ताणले जातात. त्यांचे आपापसांतील प्रमाण मोडत नाही. गाणारा वरच्या पट्टीत गायला काय किंवा खालच्या पट्टीत गायला काय, चाल तीच राहते. हेल बदलला तरी बोलणे तेच राहते, हे ज्याला कळले त्यालाच ती दूरची ओळख पटते.

प्रदर्शनातील एका तक्त्याजवळ तेथील एक तरुण संशोधक मुलांना माहिती देत होते. आम्ही मागे उभे होतो. मुले पांगली, तो मुलगा तेवढा रेंगाळला. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. मग तो धीर करून म्हणाला, “साहेब, थितं कुणी जात न्हाई, मग थितं काय हाय ते तुमास्नी कसं कळतंय?”

संशोधक हसले नाहीत. ते म्हणाले, “चांगले विचारलेस. आम्ही जात नाही, आम्ही ऐकतो.” आणि त्यांनी कागदावर सुरांच्या रेषा काढून सारे समजावून सांगितले.

मुलगा काही वेळ त्या रेषांकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “आन् आलेला सूर तुमच्या वहीतल्यागत नसला तर? चुकीचा म्हनून टाकून देतासा?”

“नाही,” ते म्हणाले, “तसाच लिहून ठेवतो. बहुधा चूक त्याची नसते. आमची वही अपुरी असते.”

आम्ही तेथून हळूच बाजूला झालो. त्या तरुणाला आमची हकीकत ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. परंतु परीक्षकाने लाल शाईने खूण करावी तसे ते वाक्य आमच्या मनावर उमटले.

परत आल्यावर सोमवारच्या पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर तीन शब्द लिहिले: पाणी, नीरु, उदक. “पहिला मराठी, दुसरा कन्नड, तिसरा आमच्या घरचा कोकणी. तिघांनीही तहान भागते. आकाशातील पाण्याला यांपैकी एकही नाव ठाऊक नाही. ते आपल्या १.३५ सेंटिमीटरच्या सुरातच बोलते. ज्यांनी तो सूर शांतपणे ऐकून घेतला त्यांनाच तेथे पाणी आहे असे कळले.” मग आम्ही त्या दिवशीच्या तासाची आठवण सर्वांना करून दिली आणि म्हणालो, “तेव्हा एक खरा प्रश्न विचारला गेला होता आणि आम्ही त्याचा केवळ उच्चार ऐकला. ती चूक आमची. शिवाय पोकळीत काही नाही असे आम्ही सांगितले, तेही चुकीचे होते. दोन्ही चुका आज दुरुस्त करून घ्या.”

वर्ग स्तब्ध झाला. शिक्षकाने आपली चूक सांगावी याची मुलांना सवय नसते. खरे सांगावयाचे तर आम्हालाही नव्हती. प्रमाण भाषा शिकविणे हे आमचे कामच आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘तेथे’ असेच लिहावे लागेल, हेही आम्ही त्याच तासाला सांगितले. पण आधी ऐकावे आणि मग सुधारावे, हा क्रम यापुढे आम्ही चुकविणार नाही.

तास संपावयास दोन मिनिटे उरली असताना मागच्या बाकावरून एक हात वर आला. कित्येक आठवड्यांनी तो हात पाहून आमचा खडू क्षणभर थांबला. तो म्हणाला, “सर, तुमच्या गावाकडं ‘तेथे’ला काय म्हणत्यात?”

आम्ही क्षणभर विचारात पडलो. मग आम्हालाच हसू आले. आमच्या घरी, आमची आई आयुष्यभर ज्या शब्दाने दूरची जागा दाखवीत आली तो शब्द आम्ही या वर्गात आजवर कधी उच्चारला नव्हता.

“थंय,” आम्ही म्हणालो.

वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि सर्वांत मोठ्याने हसला तो मागच्या बाकावरचा. ‘थितं’ आणि ‘थंय’ यांच्यातील अंतर फारसे नव्हते. ‘तेथे’हूनही ते एकमेकांना जवळचे होते. इतके जवळचे ओळखावयास आम्हाला आकाशाच्या वाटेने जाऊन यावे लागले.

विद्यार्थिमित्रहो, आता पुन्हा उन्हाळा येईल, वीज जाईल आणि तुम्ही अंगणात याल. वृश्चिकाच्या शेपटीशी आकाशगंगेत काळोख दिसला तर तेथे काही नाही असे म्हणू नका. आणि काही विचारावेसे वाटले तर ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत विचारा. आम्ही ऐकत आहोत.